कौलाचं पाणी

कोथिंबिरीची जुडी अमृतच्या हातात होती, भाजीवाली सुट्टे शोधत होती, आणि तेवढ्यात शेफालीचा फोन आला. शनिवारी सकाळी शेफाली कधी फोन करत नसे. ती रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्थेत कामाला होती आणि अमृत त्या संस्थेला माहिती पुरवणाऱ्या कंपनीत. दोघांचं बोलणं व्हायचं ते कामापुरतं, आठवड्याच्या मीटिंगमध्ये. आज तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "अमृत सर, एक विचारते. गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या त्या दवाखान्यासमोर तुमचा ठिपका हिरवा होता. तो खरा होता का?" अमृत म्हणाला, "करारानुसार बरोबर होता." वाक्य इतक्या पटकन बाहेर पडलं, की जिभेवर ते आधीपासून येऊन बसलं होतं की काय असं त्याचं त्यालाच वाटलं. पलीकडून शेफाली म्हणाली, "करारानुसार बरोबर होता ते मलाही दिसतंय. मी खरा होता का विचारलं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "एक बाई गेली हो. साप चावला होता. आमची गाडी तिला तिथं घेऊन गेली आणि तिथं लसच नव्हती. हिर्डोशीच्या वर कुठलासा धनगरवाडा आहे म्हणे. तुमचं गाव त्याच बाजूचं ना? सोमवारी चौकशी आहे, त्याआधी मला हो की नाही ते सांगा." भाजीवाली म्हणाली, "दादा, पिशवी धरा की." अमृतनं पिशवी धरली, सुट्टे खिशात टाकले, आणि कोथिंबीर मात्र तशीच मुठीत धरून तो धनकवडीचा चढ चढून घरी आला. बायकोनं, सोनियानं, दार उघडलं आणि विचारलं, एवढी का चुरगाळलीस?

आता हे ठिपक्यांचं प्रकरण आधी सांगून टाकलेलं बरं. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांतले लहानमोठे दवाखाने रोज सकाळी अमृतच्या कंपनीला मोबाईलवरून कळवत, की आपल्याकडे सापाची लस आहे किंवा नाही. असली तर नकाशावर हिरवा ठिपका, नसली तर तांबडा. तो नकाशा शेफालीच्या संस्थेकडे जाई, आणि डोंगरातून कुणाचा फोन आला की तिथली मुलं ठिपके बघून गाडीला सांगत, अमुक ठिकाणी ने. माहिती देणारा आणि माहिती घेणारा यांच्यात करार झालेला होता आणि त्यातला गुणवत्तेचा भाग अमृतनं स्वतः लिहिला होता. सातारा रस्त्यावरच्या एका गारेगार खोलीत, काचेच्या टेबलाशी, शेफालीला समोर बसवून. माहिती वेळेवर यावी, पूर्ण यावी, नकाशावर एकही जागा रिकामी दिसू नये. एखाद्यानं कळवलंच नाही तर? शेफाली म्हणाली होती, मग करडा ठिपका दाखवू या का, म्हणजे माहीत नाही असा? आणि अमृत तिचं वाक्य पुरं होऊ न देता म्हणाला होता, करडा नको. माणूस दारात तडफडत असताना 'माहीत नाही' हे काय उत्तर झालं? त्यानं कलम घातलं, की नोंद न आल्यास मागची नोंद ग्राह्य धरावी. शेफालीनंही मान डोलावली, कारण रिकामी जागा दिसली की तिच्याकडची मुलं गोंधळायची. सह्या झाल्या, समोसे आले. पुढे नदीपलीकडच्या दवाखान्यातली नर्स बाळंतपणाला माहेरी गेली, तिच्या जागी आलेल्या माणसाला रोज कळवायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, आणि कपाटातली लस संपून गेली तरी नकाशावर ठिपका हिरवागार. त्याच महिन्यात गुणवत्ता शंभर टक्के आली म्हणून कंपनीत केक कापला गेला. सुरी अमृतनंच धरली, विभाग त्याचा म्हणून.

करड्याचा एवढा राग का, हे शेफालीला कळायचं काही कारण नव्हतं. सोनियालाही पुरतं ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत, की याला 'बघू', 'सांगते', 'कळवते' असलं काही चालत नाही, हो की नाही ते आत्ताच्या आत्ता पाहिजे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती म्हणाली होती, तू नवरा आहेस की पोलीस चौकी? तो हसला होता. पण मागे होतं ते हसण्यासारखं नव्हतं. अमृतच्या घरात वाघजाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि कौल लावायचा मानही त्यांचाच. देवीच्या दगडावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. अमृत तिसरीत असताना त्याची आई, बाळाबाई, पोट धरून लोळायला लागली. पाऊस कोसळत होता, रस्त्यावर दरड आलेली, आणि डोलीत घालून भोरला न्यावं की न्यायच्या भानगडीत वाटेतच जीव जाईल, हे कुणाला कळेना. वडिलांनी, कुंडलिकआबांनी, दिवा लावला आणि देवीला विचारलं, न्यावं का? पाकळ्या पडल्याच नाहीत. अमृत उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता. मनातल्या मनात तो उजवीला हाका मारत होता. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं लांबून फुंकरही घालून पाहिली. घर देवळाला लागूनच, त्यामुळे आईचं कण्हणं तिथवर ऐकू येत होतं. आबा म्हणत होते, देवी बोलत न्हाई तवर हलायचं न्हाई. मग कधीतरी कण्हणं थांबलं. अमृतला आधी बरंच वाटलं, आईला झोप लागली म्हणून. पाकळ्या तशाच्या तशा होत्या. पुढे शिकून, नोकरीला लागून, तो लोकांना सांगायचा, की चुकीचं उत्तर एक वेळ परवडलं, पण उत्तरच नाही ही स्थिती वाईट. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे. त्या वाक्याच्या मागे एक कण्हणं थांबलेलं घर आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आबांचा फोन त्याला गुरुवारीच येऊन गेला होता. "आयतवारी कौल हाय. माजा हात आता लई थरथरतोय. तू ये." अमृतनं कसला कौल, कुणाचा कौल, काहीही न विचारता बघतो म्हणून ठेवून दिला होता. हो, बघतोच म्हणाला होता. स्वतःच्या बापाला करडं उत्तर द्यायला त्याला काही वाटलं नव्हतं. आता चुरगाळलेली कोथिंबीर ओट्यावर टाकून त्यानं उलटा फोन लावला. "आबा, कौल कुणाचा?" "धनगरवाड्यावरच्या माउलीचा. आरं, बयाबाईचा माउली. बायकू गेली न्हवं त्याची पान लागून." साप चावला असं त्याच्या गावात कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. सोनिया त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो म्हणाला, गावाला जाऊन येतो. ती म्हणाली, आत्ता? तो म्हणाला, हो.

स्वारगेटवरून एसटीत बसला तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की माउलीला सांगायचं. काय सांगायचं तेही जुळवत होता, आणि तिथंच गाडं अडत होतं. नोंद, ग्राह्य, कलम हे शब्द बाजूला काढले की उरायचं काय? 'तिथं लस आहे की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं, तरी आम्ही आहे म्हणून सांगितलं.' वाक्य एवढंच होत होतं. कापूरहोळला गाडी ढाब्यासमोर थांबली, लोक उतरले, चढले, कुणीतरी भज्यांचा पुडा घेऊन शेजारी बसलं. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. बयाबाई आठवत होती. आई गेल्यावर दोन वर्षं तिनं रोज शेळीच्या दुधाचा तांब्या डोंगर उतरून आणून दिला होता, आणि आबांनी पैसे पुढे केले की म्हणायची, "पोराला आय न्हाई, दुदाचं काय मोजताय." माउली तेव्हा तिच्या पाठुंगळीला असायचा, नाकात बोट घालून अमृतकडे टकामका बघत. माउलीच्या बायकोला, मोहिनीला, अमृतनं एकदाच पाहिलं होतं, जत्रेत, हिरव्या लुगड्यात, नवी नवरी म्हणून ती त्याच्या पाया पडली होती. तिचा चेहरा आठवावा म्हणून त्यानं फार डोकं खाजवलं. आठवला तो हिरवा रंगच, आणि तो लुगड्याचा की नकाशावरचा, हे त्याला धड कळेना. भोरला गाडी बदलली. धरणाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला भातं कापायला आली होती, नाचणी उभी होती, आणि शिवारात माणसं वाकून कामाला लागली होती, काहीच झालं नसल्यासारखी.

संध्याकाळी चुलीपुढे भाकरी खाताना आबांनी सगळं सांगितलं. मोहिनी गवत कापत होती आणि घोणस चावली. माउलीनं टेकाडावर पळत जाऊन, रेंज धरून, रुग्णवाहिकेला फोन केला. तिकडून सांगितलं, गाडी येतेय, नदीपल्याडच्या दवाखान्यात लस आहे. मोहिनीचा भाऊ सावळाराम, वेल्ह्याकडचा, मार्गासनीच्या वरच्या अंगाचा. तो फोनवर ओरडत होता, भोरला ने म्हणून. गावातल्या धनाजीचा टेम्पोही तयार होता. माउलीनं कुणाचं ऐकलं नाही. नदीपलीकडे लस नव्हती, तिथून भोरला फिरवली, आणि भोर यायच्या आधी ती गेली. "आता सावळाराम म्हंतो, माज्या भनीला ह्यानंच मारली, आन मारणाऱ्याच्या घरात माजी भाची ठेवणार न्हाई. दीड वर्साची पोर हाय रं. भांडान लई वाडलं, दोन्हीकडनं काठ्या निगाल्या. शेवटी ठरलं, देवीला इचारायचं." आणि काय काय ठरलं ते आबा बोटावर मोजत सांगू लागले. पाकळ्या झेंडूच्या, एकाच फुलातल्या. पाणी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून विहिरीवरून आणायचं. प्रश्न एकच, माउली चुकला का. उजवी पडली तर चुकला, पोर मामाकडं. डावी पडली तर चुकला नाही, पोर बापाकडं. आणि उन्ह देवळाचा उंबरा सोडीपर्यंत एकही पडली नाही, तर पोर आहे तिथंच राहील आणि पुढच्या पुनवेला परत बसायचं. भाकरीचा तुकडा अमृतच्या हातात तसाच राहिला. आबांच्या करारात करड्याला जागा होती. ना शाळा, ना काचेचं टेबल, आणि या माणसांनी पडलीच नाही तर काय याचा विचार आधी करून ठेवलेला होता. पण म्हणून त्याला आबांबद्दल माया वाटली असं नाही. त्याच करड्यात त्याची आई गेली होती. तो म्हणाला, "आबा, आणि लावणार कोण?" आबा म्हणाले, "तू. सावळारामच म्हनला, तुमचा ल्योक लावू दे. शिकल्याला हाय, शेरात ऱ्हातो, त्याचं ह्यात कुनाशी घेनंदेनं न्हाई."

सकाळी तो देवळाकडे निघाला तेव्हा माउली आधीच येऊन नळावर तोंड धूत होता. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, घोंगडी खांद्यावर. अमृतला बघून त्यानं ओले हात जोडले. "दादा, तुमी आला, लई बरं झालं." हीच वेळ होती. दुसरं कुणी जवळ नव्हतं. अमृत म्हणाला, "माउली, त्या दिवशीचं मला तुला थोडं सांगायचंय." माउलीला वाटलं, विचारायचंय. बिचारा आपणहूनच सांगायला लागला. "फोनवरची बाई म्हनली, तितं इंजेक्शन हाय, मशीनवर दिसतंय. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय, त्यास्नी दिसतंय म्हंजी आसंल. येवडी मोटी मानसं उगा कशाला सांगतील? ती गाडीत पानी मागत व्हती, दादा. दोनदा मागितलं. म्या न्हाई दिलं. पान लागल्यावर पानी दिऊ ने म्हंत्यात ना? आता रातीला झोपलो का त्येच ऐकू येतं. आरं, मरायचीच व्हती तर पानी तरी द्यायाचं." जुळवून आणलेलं वाक्य होतं, छोटं होतं, तरी ते ओठांशी येऊन परत गेलं. आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरं एक आलं, आणि ते आलं तेव्हा फार समजूतदार वाटलं. पाकळ्या आपल्याच हातात आहेत. डावी पाडायची. देवीच म्हणाली माउली चुकला नाही, की झालं. पोर बापाकडे, काठ्या खाली, माउलीला झोप. मग ठिपका कुणाचा, कलम कुणाचं, हे कुणाला सांगायची गरजच काय? खोटं तरी कसं म्हणायचं याला? माउली चुकला नव्हता, हे तर खरंच होतं. खरं उत्तर माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि नेमका तोच कौल लावायला बसणार होता. "काय सांगनार व्हता दादा?" माउलीनं विचारलं. "काही नाही," अमृत म्हणाला. "होईल सगळं नीट."

देऊळ म्हणजे पत्र्याखालचा गाभारा आणि पुढे सारवलेली ओसरी. एका बाजूला सावळाराम आणि त्याच्याकडची माणसं, पागोटी गुडघ्यावर, तोंडं घट्ट मिटलेली. दुसऱ्या बाजूला बयाबाई, आता पार वाकलेली, मांडीवर नात. पोर चुरमुरे खात होती आणि एक एक चुरमुरा उचलून समोरच्या मामाला दाखवत होती. सावळाराम तिच्याकडे बघायचं टाळत होता, पण बघत होता. पाण्याचा तांब्या दोन्हीकडच्या दोघांनी मिळून आणला, मध्ये ठेवला. आबा भिंतीला टेकून बसले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात मांडीवर थरथरत. अमृतनं आंघोळ करून सोवळं नेसलं होतं. लहानपणी आबांच्या शेजारी बसून तो हे सगळं बघायचा. त्यांचं एक बोलणं त्याला लख्ख आठवत होतं, 'बोट वलं आसावं, हात न्हाई.' का ते मात्र आठवत नव्हतं. फूल फोडून त्यानं दोन पाकळ्या निवडल्या, आणि पाठमोरा होऊन, अंगाचा आडोसा करून, डावीला नुसतं ओलं बोट पुसलं. जेमतेम दमट. वाऱ्याच्या झुळकीनं गळावी अशी. उजवी त्यानं तांब्यात बुडवली, चांगली भिजवली, देवीच्या उजव्या खांद्यावर थापली आणि वरून अजून दोन थेंब सोडले. जितकं ओलं तितकं धरून राहील, हे त्याला शंकेपलीकडे वाटत होतं. कामाला हात लागला तसा तो शांत झाला. ऑफिसात एखादी रिकामी जागा भरून निघाली की व्हायचा तसाच. आबांनी खोल आवाजात विचारलं, "आई, माउली चुकला का? बोल." आणि सगळे गप्प बसले.

त्या शांततेत अमृतपुढे पुन्हा तिसरीतला तो दिवस उभा राहिला. तोच दगड, तोच तेलाचा वास, उंबऱ्यावर तोच तो. फक्त बाहेर पाऊस नव्हता, आणि कण्हण्याऐवजी पोरीच्या चुरमुऱ्यांचा आवाज येत होता. तो डाव्या पाकळीकडे टक लावून बसला. तिची कड सुटेल, मग वाकेल, मग गळेल. त्याला आईची आठवण झाली आणि पहिल्यांदाच असं वाटलं, की आबांनी तेव्हा असंच करायला पाहिजे होतं. उजवी पाडायची, आईला उचलायचं, भोरला न्यायचं. पाडता येत असताना माणूस वाट बघत बसतो तरी कशाला? त्याला आबांचा राग आला, इतक्या वर्षांचा जुना, ताज्यासारखा. डावी पाकळी हलत नव्हती. पत्र्यावर कावळा बसून उडाला. मग आबांनी मान वर केली, दगडावरून ओघळणारं पाणी त्यांना दिसलं नसेल, पण खाली ठिबकलेलं ऐकू आलं असणार. ते पुटपुटले, "अमृता, पानी किती लावलंस रं?" अमृतनं मान वळवली, आणि तेवढ्यात उजवी पाकळी ओघळाबरोबर सरकली. घाई नाही काही नाही, अगदी सावकाश, खांद्यावरून छातीवर, छातीवरून खाली. देवीच्या पुढ्यात तांदळांवर येऊन ती उताणी पडली.

कुणी ओरडलं नाही. बयाबाईनं नातीला पोटाशी ओढलं एवढंच. सावळारामनं डोळे मिटून देवीला हात जोडले, आणि उघडले तेव्हा ते भरलेले होते. त्यालाही हे हवं होतं की नव्हतं, देव जाणे. तो उठला. अमृत म्हणाला, "थांबा." स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "सावळाराम, हे खरं नाही. मी पाणी जास्त लावलं. उजवी राहावी म्हणून लावलं. माउलीची चूक नाही. त्या दवाखान्यात लस आहे म्हणून जे सांगितलं ना, ते आमच्या कंपनीनं सांगितलं. मी सांगितलं. आम्हाला माहीत नव्हतं, तरी आहे म्हणून दाखवलं. तसा नियम मी केला होता." सकाळी ओठांशी येऊन परत गेलेलं वाक्य आता बाहेर आलं, आणि ओसरीवर ते नुसतं पडून राहिलं. सावळाराम त्याच्याकडे वळला. "तुमी डाक्टर हाय का?" "नाही." "गाडी तुमची व्हती?" "नाही." "फोनवर तुमी बोलला व्हता?" "नाही, पण..." "मंग तुमचा काय संबंध? माउलीची दया येती म्हनून सोताच्या डोक्यावर घेताय. मानूस चांगलं हाय तुमी." "अहो, पाकळी मी मुद्दाम..." "पानी दोगांनी आनलं. फूल दोगांनी बगितलं. लावायला तुमाला दोगांनी बशीवलं," सावळाराम शांतपणे म्हणाला. "ठरल्यापरमानं झालं. आता मागं फिरायचं न्हाई."

अमृतनं आबांकडे बघितलं. आबा मान खाली घालून बसले होते. मग तो माउलीकडे वळला, त्याचे दोन्ही दंड धरले. "माउली, तू तरी ऐक. तुझी चूक नव्हती. तो हिरवा ठिपका खोटा होता रे." माउलीच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं सुटल्यासारखं आलं होतं, आणि ते बघवत नव्हतं. महिनाभर जे ऐकू येत होतं त्याला आता नाव मिळालं होतं. "न्हाई दादा," तो म्हणाला. "देवी कशाला खोटं बोलंल? म्या पानी न्हाई दिलं तिला. सावळारामाचं ऐकलं न्हाई. चुकलोच म्या." त्यानं आईच्या मांडीवरून पोर उचलली, तिच्या तोंडाला लागलेला चुरमुरा पुसला आणि तिला मामाच्या हातात दिली. पोर आधी हसली, कारण मामाला तिनं मघापासून चुरमुरे दाखवले होते. ओसरीची पायरी उतरल्यावर बाप मागेच राहिला हे तिला कळलं आणि ती रडू लागली. टेम्पो सुरू झाला तरी रडणं ऐकू येत होतं, मग वळणावर ते थांबलं, किंवा नुसतं ऐकू येईनासं झालं. अमृतला त्यातलं काय ते कळेना. माउली घोंगडी झटकत त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "तुमी वाईट वाटून घिऊ नका, दादा. तुमी तुमचं काम बरोबर केलं." मग आईचा हात धरून तो डोंगराच्या वाटेला लागला.

खिशात फोन थरथरला. शेफालीच असणार, चौकशीत काय सांगायचं ते तिला हवं होतं, उद्याच्या आत, हो किंवा नाही. त्यानं फोन बाहेर काढला नाही. गाभाऱ्यात आबा चाचपडत दगड पुसत होते. "पानी लई झालं की पाकळी व्हावून जाती," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "ल्हानपनी दाखवलंवतं तुला. कमी पान्याची धरून ऱ्हाती. इसरलास." अमृतनं तांब्या उचलून बाजूला ठेवला. आबा म्हणाले, "ती डावी काढ. देवीच्या अंगावर ठिवू ने." त्यानं हात पुढे केला. पाकळी वाळली होती आणि दगडाला पक्की बसली होती. ती नखानं खरवडून काढावी लागली.